पाठीवर नंबर: डर्ट ट्रॅकवरच्या एका टी-शर्ट स्टॉलचं प्रकरण

रविवारी संध्याकाळी सात वाजता आम्ही टेम्पोत १५३ टी-शर्ट परत भरले. सकाळी नेले होते २००. मोटारसायकल रेसच्या मातीच्या ट्रॅकवर धूळ अजून खाली बसली नव्हती, बक्षीस समारंभाचा माईक चालू होता आणि हजारो माणसं समोरून घरी चालली होती. माझा मावसभाऊ खोकी बांधत एवढंच म्हणाला, "दादा, माणसं होती. मग घेतलं का नाही?" पुढचे दोन महिने आम्ही त्याच प्रश्नावर घालवले. त्याचं जे उत्तर सापडलं, ते हिशेबासकट इथे मांडतो आहे. रेसच्या मैदानावर टी-शर्ट विकायचं मनात असलेल्या कुणालाही हे आकडे आधी माहीत असायला हवेत असं मला मनापासून वाटतं.

माझा धंदा स्क्रीन प्रिंटिंगचा. कोल्हापुरात छोटं युनिट आहे. गणेश मंडळं, गोविंदा पथकं, टेनिसबॉल क्रिकेटच्या स्पर्धा, शाळांची गॅदरिंग या चार गोष्टींवर वर्ष निघतं. मध्ये दोन-तीन महिने मशिन थंड असतं. मावसभाऊ स्वतः डर्ट ट्रॅकवर टू-स्ट्रोक इंजिनाच्या क्लासमध्ये, म्हणजे गटात, मोटारसायकल चालवतो. आपल्या भागात मोटारस्पोर्टचं वेड जुनं आहे. कोल्हापुरात कार्टिंगचा ट्रॅक आहे, इथलाच कृष्णराज महाडिक ब्रिटिश फॉर्म्युला थ्री या कार रेसपर्यंत जाऊन आला, आणि माळावरच्या एखाद्या रेसला गावंच्या गावं लोटतात. म्हणून ठरवलं, थंड महिन्यांत रेसला स्टॉल लावायचा.

पहिल्या वेळी आम्ही तीन डिझाईन केली. पहिल्यावर रेसचं नाव, गाव आणि तारीख. आयोजकांनी हो म्हटलं होतं. हे आम्हाला हुकमी वाटलं म्हणून त्याचे १०० छापले. दुसऱ्यावर चौकटीचा झेंडा, जळतं चाक आणि वेगावरचं एक इंग्रजी वाक्य, ६० नग. तिसरं भावाच्या हट्टापायी झालं. त्यावर टू-स्ट्रोक गाडीच्या फुगीर सायलेन्सरचं रेखाचित्र होतं आणि खाली देवनागरीत दोन शब्द: 'आवाज ओळखीचा'. त्याचे फक्त ४०. कोरा टी-शर्ट तिरुप्पूरचा, १८० जीएसएम (चौरस मीटरला १८० ग्रॅम वजनाचं कापड), बायोवॉश म्हणजे धुऊन मऊ केलेला, १६५ रुपयांना पडला. छपाई सरासरी ५५. म्हणजे नगाला २२०, एकूण ४४,००० रुपये. स्टॉलचं भाडं ४,००० आणि टेम्पो-जेवण २,५०० धरून ५०,५०० बाहेर गेले.

सायलेन्सरवाले ४० पैकी ३८ दुपारी एकच्या आत संपले, ४५० च्या पूर्ण भावात. उरलेले दोन एस साइझचे होते. बाकीच्या दोन डिझाईनचे मिळून १६० नग होते. त्यातले नऊ गेले, तेही संध्याकाळी ३०० ला पाडून. गल्ल्यात १९,८०० आले. तोटा ३०,७००.

तारखेचा टी-शर्ट का पडला, हे कळायला संध्याकाळ व्हावी लागली. स्पर्धकाच्या प्रवेश फीमध्ये त्याला एक किट मिळतं आणि त्या किटात रेसच्या नावाचा टी-शर्ट फुकट असतो. मार्शल, झेंडेवाले, पाण्याच्या टँकरवरचा माणूस, सगळ्यांच्या अंगात तोच. जी वस्तू मैदानावर दर दहाव्या माणसाला फुकट मिळाली आहे, तिच्यासाठी अकरावा माणूस साडेचारशे देत नाही. शिवाय तारीख छापलेला कपडा सोमवारी सकाळी जुना होतो. ते ९४ नग आजही आमच्याकडे आहेत, मशिन पुसायला आणि नवी फ्रेम लावल्यावर चाचणी छपाईला.

इंग्रजी वाक्याचा टी-शर्ट पडला कारण तसा टी-शर्ट आठवडी बाजारात दीडशेला मिळतो. ते वाक्य आमच्या रेसचं नव्हतं, कुणाचंच नव्हतं.

आणि सायलेन्सर का गेला? यामाहा आरएक्स १०० भारतात १९८५ ते १९९६ अशी जेमतेम अकरा-बारा वर्षं बनली. ९८ सीसीची गाडी. तिचं उत्पादन थांबून आता पाव शतकाच्या वर काळ लोटला, तरी ती आणि तिची भावंडं मातीच्या ट्रॅकवर अजून पळतात. चाळिशीतल्या माणसाला डोळे मिटूनही तो आवाज कळतो. वडिलांची होती, मामाची होती, कॉलेजात मित्राची मागून नेली होती. आम्ही टी-शर्टवर गाडीचं नावही छापलं नव्हतं, कंपनीचं चिन्हही नव्हतं. नुसता सायलेन्सर बघून लोक थांबत होते आणि हसत होते.

पण त्या दिवसाची खरी कमाई वेगळीच होती. त्या ३८ पैकी किमान पंधरा जणांनी टी-शर्ट हातात घेऊन उलटा केला, पाठ बघितली आणि विचारलं, "मागं नंबर टाकून मिळंल काय?" एक बाई दोनदा परत आल्या. त्यांचा मुलगा नोव्हिस, म्हणजे नवख्यांच्या, क्लासमध्ये होता. "त्याचा एकोणीस नंबर हाय. तेवढा टाका की ओ." आमच्याकडे सोय नव्हती. त्या टी-शर्ट न घेता गेल्या.

नंबर म्हणजे काय असतो, हे मोठ्या सर्किटवर फार पूर्वी कळलेलं आहे. फॉर्म्युला वनमध्ये २०१४ पासून प्रत्येक चालक स्वतःचा नंबर निवडतो. मोटारसायकल रेसर व्हॅलेंटिनो रॉसीनं ४६ घेतला तो वडिलांचा, ग्राझियानो रॉसी यांचा, म्हणून. नऊ विश्वविजेतेपदं त्या आकड्यावर झाली, तो २०२१ मध्ये मोटारसायकल रेसमधून निवृत्त झाला, पण तावुल्लिया या त्याच्या गावात उभी राहिलेली कंपनी त्या आकड्याचे कपडे अजून विकते आहे. सप्टेंबर २०२३ मध्ये ग्रेटर नोएडाच्या बुद्ध सर्किटवर मोटोजीपी या जागतिक मोटारसायकल स्पर्धेची पहिली भारतीय रेस झाली. तीही मार्को बेझेकीनं रॉसीच्याच संघाच्या गाडीवर जिंकली. आमच्या माळावर हीच भावना होती, फक्त नंबर बदलला होता. तिथे ४६ नको होता. पोटच्या पोराचा १९ हवा होता.

दुसरी रेस

फेब्रुवारीतल्या रेससाठी आम्ही सगळं उलटं केलं. पुढची बाजू स्क्रीन प्रिंटनं आधीच छापायची, एकाच डिझाईनची, काळ्या आणि मातकट रंगात. पाठ कोरी ठेवायची. नंबर जागेवर लावून द्यायचा.

यासाठी डीटीएफ, म्हणजे आधी फिल्मवर छापून मग कपड्यावर चिकटवायची पद्धत, उपयोगी पडतं. फिल्मवर रंगीत आणि पांढरी शाई छापून त्यावर गोंदाची पूड वितळवलेली असते. ती फिल्म कपड्यावर ठेवायची, हीट प्रेस या तापवून दाबणाऱ्या यंत्रात साधारण १५५ अंशांवर बारा-पंधरा सेकंद दाबायची, सोलायची, आणि बटर पेपर ठेवून पुन्हा पाच सेकंद दाबायची. स्क्रीन प्रिंटिंगला प्रत्येक रंगाला फ्रेम लागते, म्हणून वीस-पंचवीस नगांखाली परवडत नाही. डीटीएफला एक नगही चालतो. हीट प्रेस माझ्याकडे होताच.

आकडे किती छापायचे, इथे आम्ही डोकं लावलं. आयोजकांनी तीन दिवस आधी स्पर्धकांची यादी दिली. एकच माणूस दोन-तीन क्लासमध्ये असतो, पण त्याचा नंबर बहुतेक तोच राहतो. ते वजा करून ५२ रायडर निघाले. कुठला अंक किती वेळा येतो हे कागदावर रेघा मारून मोजलं आणि त्या प्रमाणात आठ इंच उंचीचे २६० अंक छापले. इंग्रजी अंक घेतले, कारण गाडीच्या नंबर प्लेटवर तेच असतात आणि दोन्ही सारखे दिसले पाहिजेत. फॉन्ट मुद्दाम असा निवडला की सहा उलटा केला की नऊ होतो. त्यामुळे त्या दोघांचा साठा एकच. मराठी अंकांत ही सोय नाही. तरी देवनागरीतले थोडे अंक करून ठेवले होते. ते फक्त चार जणांनी घेतले, पण त्या चौघांनी ते फार प्रेमानं घेतले.

अंकांच्या वर एक शब्द हवा, ही कल्पना भावाच्या बायकोची. ती म्हणाली, नंबर रायडरचा, पण घालणारा रायडर नसतो. तो कोणीतरी लागतो त्याचा. म्हणून 'पप्पा', 'बाबा', 'दादा', 'मामा', 'काका' असे शब्द छापून ठेवले. 'बाबा' पंधरा आणि 'पप्पा' दहा केले होते. ते उलटं करायला हवं होतं. आमच्याकडची पोरं पप्पाच म्हणतात, हे घरात रोज ऐकूनही मला सुचलं नाही. 'पप्पा' दुपारी बाराच्या आत संपले.

यादीतल्या रायडरना भावानं व्हॉट्सॲपवर विचारलं आणि ३४ नग आधीच बुक झाले, नावासह. नाव छापण्याआधी त्या माणसाचा होकार घ्यायचा, हा नियम आम्ही तिथेच केला. दुसऱ्याचं नाव कुणी मागितलं तर नुसता नंबर मिळेल, नाव नाही.

एकूण १२० नग नेले, त्यात २० लहान मुलांचे. नग सरासरी २१० ला पडला, म्हणजे २५,२००. डीटीएफ फिल्म १६ मीटर, ३०० च्या दरानं ४,८००. स्टॉल ५,०००. तीन केव्हीएचा जनरेटर दोन दिवस ३,०००. टेम्पो आणि जेवण ३,०००. बेरीज ४१,०००.

जनरेटरबद्दल थोडं सांगतो, कारण इथे बरेच जण फसतात. आयोजक स्टॉलला वीज देतो म्हणजे एक वायर आणि एक बल्ब देतो. हीट प्रेस दीड ते पावणेदोन किलोवॉट खातो. शेजारच्या चहावाल्याची शेगडी आणि तुमचा प्रेस एका वायरवर आले की दोघंही बंद पडतात. स्वतःचा जनरेटर न्यावा आणि तो धुळीपासून लांब, वाऱ्याच्या वरच्या अंगाला ठेवावा. स्टॉलच्या तीन बाजू ताडपत्रीनं झाकाव्यात. फिल्मच्या गोंदाच्या बाजूवर धूळ बसली तर अंक चिकटतो, पण पहिल्याच धुण्यात कोपरे उचलतात. आम्ही प्रत्येक अंक डब्यात, बटर पेपरमध्ये ठेवला होता.

शनिवारी सराव होता, गर्दी कमी. त्या दिवशी बुक झालेले नग वाटले आणि एक चूकही केली. एका रायडरनं स्वतःची पॉलिस्टरची जर्सी आणली आणि त्यावर नंबर दाबून मागितला. मी घाईत प्रेसचं तापमान कमी केलं नाही. कापडावर प्रेसच्या चौकटीएवढा चकचकीत डाग पडला. पॉलिस्टर कमी तापमानावर घ्यावं लागतं, हे मला माहीत होतं, तरी झालं. त्या मुलाला दुसऱ्या दिवशी तीच जर्सी घालून उतरायचं होतं. आम्ही १,२०० रुपये परत दिले आणि त्याची माफी मागितली. तेव्हापासून गिऱ्हाइकानं आणलेला कपडा आम्ही प्रेसखाली घेत नाही, कितीही आग्रह झाला तरी.

रविवारी विक्रीला लय होती, आणि ती लय रेसची होती. हीट, म्हणजे रेसची एखादी फेरी, चालू असताना स्टॉलसमोर कोणी फिरकत नाही, सगळे दोरीला लागलेले असतात. दोन हीटच्या मध्ये, टँकर ट्रॅकवर पाणी मारत असतो त्या दहा-पंधरा मिनिटांत एकदम झुंड येते. आणि प्रेसचं गणित तिथे आडवं येतं. दाबायला बारा सेकंद लागतात, पण टी-शर्ट ताणून बसवणं, अंक सरळ लावणं, सोलणं, पुन्हा दाबणं धरून एक नग तीन मिनिटं घेतो. पंधरा मिनिटांत पाच. रांगेत असतात वीस. पहिल्या दोन मध्यंतरांत आम्ही तशी बरीच माणसं गमावली. मग वहिनीनं, म्हणजे भावाच्या बायकोनं, पावतीपुस्तक हातात घेतलं. साइझ, नंबर, वरचा शब्द लिहायचा, पैसे पूर्ण घ्यायचे, पावती द्यायची आणि सांगायचं, पुढच्या मध्यंतराला घेऊन जा. हीट चालू असताना आम्ही दाबत राहायचो. तेव्हापासून एकही माणूस परत गेला नाही.

एकाच पावतीत ३७ च्या जागी ७३ झालं. आजोबा नातवासाठी न्यायला आले होते. त्यांनी टी-शर्ट उघडून बघितला आणि काही बोलले नाहीत, फक्त ट्रॅककडे बोट दाखवलं. तिकडे ३७ वळणावर होता. दुसरा नग ताबडतोब करून दिला. आता पावतीवर नंबर अंकात आणि अक्षरात दोन्ही लिहितो, चेक लिहितात तसा.

चार पोरं एनर्जी ड्रिंकच्या कंपनीचं चिन्ह मागायला आली. मोबाईलवर चित्र तयार होतं आणि डबल पैसे द्यायला तयार होती. नाही म्हणालो. मोठ्या कंपन्यांची आणि रेसिंग संघांची चिन्हं नोंदणीकृत असतात. परवानगीशिवाय ती लावून विकणं हा ट्रेड मार्क्स कायदा, १९९९ खाली गुन्हा आहे: सहा महिने ते तीन वर्षं कैद आणि ५० हजार ते दोन लाख दंड. हा धोका खरा आहेच. पण त्याहून मला हे सांगावंसं वाटतं की चोरलेल्या चिन्हाच्या बाजारात आपला नग कधीच वेगळा ठरत नाही, तिथे फक्त भावावरून भांडण होतं. एकानं ४६ मागितला. तो दिला, आमच्या फॉन्टमध्ये, नुसता आकडा. रॉसीच्या खास घडणीतलं चिन्ह किंवा त्याच्या कंपनीचं नाव नाही.

लहान मुलांचे २० नग सगळ्यांत आधी संपले. पाच वर्षांच्या मुलाच्या पाठीवर 'पप्पा' आणि खाली बापाचा नंबर. बाप धुळीनं माखलेला, हेल्मेट काखेत, आणि मूल गर्दीत पाठ करून उभं. असं एक मूल मैदानात फिरलं की पुढची तीन गिऱ्हाइकं तेच आणतं. पुढच्या वेळी हा आकडा दुप्पट करायचा, हे तिथेच ठरलं.

शेवटच्या फायनलनंतर एक घोळका आला आणि सगळ्यांना २७ हवा होता. जिंकणाऱ्याचा नंबर. आमचे दोनचे अंक पाच टी-शर्टनंतर संपले. यादीवरून मोजलेला साठा स्पर्धकांच्या घरच्यांसाठी बरोबर होता, पण निकाल लागला की मैदान एका नंबरकडे झुकतं. सेमीफायनल बघून कोणाचं पारडं जड आहे ते भावाला ठाऊक होतं. फिल्म आणायला पाच तासांची वाट होती, म्हणून काही करता आलं नाही. आता दर अंकाचे पंधरा जास्तीचे ठेवतो.

हिशेब असा. बुकिंगचे ३४ नग ५०० नं, १७,०००. जागेवर नंबर लावलेले ५२ नग ५५० नं, २८,६००. बिननंबरचे ११ नग ४०० नं, ४,४००. एकूण ९७ नग आणि बरोबर ५०,००० रुपये. दोन नग वाया गेले, २१ उरले. त्यांवर तारीख नाही, म्हणून ते पुढच्या रेसला तसेच चालतात. खर्च आणि जर्सीची भरपाई वजा जाता ७,८०० राहिले. त्यातून जीएसटीही द्यायचा होता. हजार रुपयांपर्यंतच्या तयार कपड्याला तेव्हाही ५ टक्के होता, २२ सप्टेंबर २०२५ पासून ती मर्यादा अडीच हजारांपर्यंत गेली आहे. खरेदीवरचा कर वळता करून हातात साडेसहा हजारांच्या आसपास आले. तीन माणसं, दोन दिवस. मजुरी धरली तर फारसं काही नाही, हे मी लपवत नाही. पण ३०,७०० च्या खड्ड्यातून एका रेसमध्ये आम्ही सपाट जमिनीवर आलो होतो, आणि नग का विकला जातो हे आता आम्हाला ठाऊक होतं.

बेळगाव

त्यानंतर बेळगावच्या रेसचं बोलावणं आलं. कोल्हापूरहून दोन-अडीच तासांचं अंतर. भाषा तीच, गिऱ्हाईक तेच, आवाजही तोच. जीएसटीच्या हिशेबानं मात्र ते दुसरं राज्य. महाराष्ट्रात नोंदणी असलेल्यानं कर्नाटकात स्टॉल लावून विकायचं तर तिथे 'कॅज्युअल टॅक्सेबल पर्सन' म्हणून तात्पुरती नोंदणी काढावी लागते. धंदा सुरू करण्याच्या किमान पाच दिवस आधी अर्ज, अंदाजे होणारा कर आगाऊ भरायचा, नोंदणी एका वेळी जास्तीत जास्त ९० दिवसांची आणि नंतर विवरणपत्र. उलाढाल कितीही लहान असली तरी सूट नाही. गोव्याला जाणाऱ्यांनाही हेच लागू होतं. अनेक जण हे न करता जातात. माल अडला तर दिवसाची कमाई तिथेच संपते. एका रविवारसाठी हा खटाटोप आम्हाला पेलणारा नव्हता.

मग वहिनीच म्हणाली, स्टॉल कशाला, बुकिंगच घेऊ. बेळगावच्या रायडरच्या गटात भावानं संदेश टाकला. कोल्हापुरातून बिल करून थेट गिऱ्हाइकाच्या पत्त्यावर पाठवलं की ती आंतरराज्य विक्री होते. आयजीएसटी, म्हणजे आंतरराज्य विक्रीवरचा जीएसटी, लावायचा, वेगळी नोंदणी नको. रेसच्या आठ दिवस आधीपर्यंत ४१ नग आले, सगळ्यांचे पैसे आधी. जनरेटर नाही, भाडं नाही, उरलेला माल नाही. त्यातले १७ नग लहान मुलांचे होते. या वेळी 'पप्पा' भरपूर छापले होते. पण तिघींनी वेगळंच लिहून पाठवलं होतं, आणि ते आमच्या साठ्यात नव्हतं. वर 'माझं पोरगं', खाली नंबर, साइझ एक्सएल. ते तीन नग आम्ही सगळ्यांत आधी करून पाठवले.